चिंतामणीची मूठ

प्रयोगशाळेचं दार चिंतामणीनं न ठोठावता उघडलं, आणि हेमावतीच्या हातात एका राजबिंड्या पुरुषाचा हात पाहिला.

"सर, दार लावा. फुफाटा येतोय," ती म्हणाली. हात काही सोडला नाही.

शहात्तर सालचं सोलापूर. हेमावती आणि तो, दोघंही मेडिकल कॉलेजात शिकवायचे. चिंतामणी वर्षभर तिच्यावर मनातल्या मनात प्रेम करत होता, म्हणजे बातमी अजून तिच्यापर्यंत पोचली नव्हती.

हात होता शिवपुत्रचा, वॉर्डात दाखल झालेल्या, अक्कलकोटच्या भुसार व्यापाऱ्याच्या मुलाचा. पोती उचलली की त्याचा हात लाकडासारखा आखडायचा. त्याच्या स्नायूंना साखर जाळता येत नसावी, असा हेमावतीचा तर्क. म्हणून दंडाला पट्टा आवळून ती त्याला रबरी चेंडू दाबायला लावी आणि रक्तातलं लॅक्टिक आम्ल वाढतं का बघे. शास्त्र म्हणून सगळं रास्तच. पण दोघं कन्नडमध्ये बोलत, खुदखुदत… आणि चिंतामणीला कन्नड शून्य.

एकदा तिनं विलायती मासिक पुढं केलं. "बघा ना, उंदराचा स्नायू मोठ्या चुंबकात ठेवला, अन् आतला फॉस्फरस आलेखावर उमटला! ताकद कशी खर्च होते ते दिसतं. सुई नको, रक्त नको…"

"हात धरायला?"

"तोही नको."

"मग हे यंत्र सोलापुरात आलंच पाहिजे!" चिंतामणी गरजला. विज्ञानाबद्दल इतकी तळमळ त्याला पूर्वी कधी वाटली नव्हती.

चुंबक काही आला नाही. तुलनेला निरोगी हात मात्र हवा होता. चिंतामणीनं तत्परतेनं बाही सारली. आधी शिवपुत्रची पाळी. शेजारच्या स्टुलावर चिंतामणी बघत बसला. मग चेंडू दाबण्याआधीचं, विश्रांतीतलं रक्त त्याचंही घेतलं.

संध्याकाळी ती कपाळाला आठ्या घालून आली. "सर, तुमचं लॅक्टिक आम्ल आधीच चढलेलं! मूठ आवळून बसला होतात?"

"…हो."

"कुणावर?"

"शिवपुत्रवर."

ती हसू दाबत म्हणाली, "तो विचारत होता, हे सर माझ्याकडं असं का बघतात म्हणून."

"मग… तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, त्यांना बोलायचं सुचत नाहीये अजून."

"सुचलंय," चिंतामणी म्हणाला. "मला तुम्ही — म्हणजे — फार आवडता."

"मलाही संशय होताच." तिनं बर्नर बंद केला. फार सावकाश. "पण माझ्या वडिलांना, अप्पांना, मराठीत सांगितलेलं काही पटत नाही. तेवढं बघा."

दुसऱ्या दिवशी चिंतामणी वॉर्डात शिवपुत्रच्या कॉटपाशी घुटमळला. "शिवपुत्रराव… जरा कन्नड शिकवाल का?"

शिवपुत्रनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि पाय आखडून जागा केली.

"शिकवतो की! बसा, दाजी."