पेस्टवरचा अंगठा

खोटं बोलून माझं एकदा चांगलंच वाटोळं झालंय. त्यामुळे ही गोष्ट खरी आहे एवढंच सांगतो. पटली तर पटली.

आणि भुतं रात्रीच येतात हे ज्यानं कुणी ठरवलं, त्याला आमच्या दुकानात एखाद्या दुपारी एकटं बसवलं पाहिजे.

बुधवार होता. दुपारचा दीड. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आत दोन टेबलं, एक खिडकी, भिंतीवर वायरींची जुडगी. मालक जेवायला घरी गेले होते. मी माझ्या टेबलावर होतो.

दुसरं टेबल रिकामं होतं...

ते का रिकामं होतं ते आधी सांगतो. कारण ते मीच रिकामं केलं होतं.

तिथे मास्तर बसायचे. एकोणीस वर्षं. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, पण दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला काम शिकवलं म्हणून मास्तर. मलाही त्यांनीच शिकवलं. कॉम्प्युटरचा प्रोसेसर तापतो, म्हणून त्यावर धातूचा कूलर बसवतात. दोघांच्या मध्ये राखाडी पेस्टचा पातळ थर द्यायचा, म्हणजे उष्णता वर निघून जाते. दोन-तीन वर्षांत ती पेस्ट वाळते आणि मशीन तापून आपोआप बंद पडायला लागतं. मग जुनी पुसायची, नवी लावायची. एवढंच काम.

पण मास्तर ते जीव लावून करायचे. स्पिरिटचा कापूस एकाच दिशेनं फिरवायचे. खस्... खस्... नवी पेस्ट अंगठ्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून पसरायचे. "डोळ्याला दिसत नाही ते अंगठ्याला कळतं," असं म्हणायचे. त्या अंगठ्यावर चटक्याचा जुना, तिरका व्रण होता.

नव्या कूलरच्या तळाला पारदर्शक फिल्म चिकटवलेली असते. ती काढूनच कूलर बसवायचा. नाहीतर उष्णता अडते. हा आमच्याकडचा पहिल्या दिवसाचा धडा.

एका दंतवैद्याच्या मशीनला कूलर बसवताना मी ती फिल्म काढायला विसरलो. खांद्याने फोन कानाशी धरून बायकोशी बोलत होतो.

ते मशीन तीन आठवडे तापून तापून बंद पडत राहिलं आणि शेवटी डिस्क घेऊन मेलं. सहा वर्षांचे एक्स-रे गेले. दंतवैद्य दुकानात येऊन इतका तोंड फाडून ओरडला की त्याचे स्वतःचे दात मोजता आले असते.

मालकांनी कूलर उचलला. खाली फिल्म.

"हा कुणी बसवला?"

बायकोला सातवा महिना होता. मला नोकरीत पक्कं करायचं की नाही, ते त्याच महिन्यात ठरणार होतं. आणि मास्तरांची नजर अधू झालीय अशी कुरकुर मालक अधूनमधून करायचेच.

"मास्तरांनी," मी म्हणालो.

"मी नाही बसवला," मास्तर म्हणाले.

"मग काय भुतानं बसवला?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला काही सांगायचंय का रे?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी स्पिरिटची बाटली आणि आपले पेचकस पिशवीत घातले आणि ते पायऱ्या उतरून गेले. चार महिन्यांनी बातमी आली. साधा ताप आला होता म्हणे. तो उतरलाच नाही. मी अंत्ययात्रेला गेलो नाही. दुकान कोण सांभाळणार, असं कारण दिलं. मालक एकटेच जाऊन आले.

त्यानंतर पाचव्या दिवशी हा बुधवार.

मी एक मशीन पुसलं, पेस्ट लावली, कूलर बसवला, चालू केलं. पडद्यावर तापमान दिसतं. चाळीसच्या आसपास राहायला हवं होतं.

साठ... ऐंशी... सत्त्याण्णव...

बंद.

कूलर नीट बसला नसेल म्हणून स्क्रू सोडवले. कूलर उचलला...

पेस्टच्या मधोमध अंगठा उमटला होता.

मला वाटलं माझाच. पण मी पेस्टला बोट लावत नाही, पट्टीनं पसरतो. वाकून पाहिलं. ठशाच्या मधून एक तिरकी रेघ गेली होती.

पुसून टाकलं. पुन्हा पेस्ट लावली. कूलरचा तळ उजेडात धरून नखानं खरवडला. फिल्म नव्हती. मी शपथेवर सांगतो, नव्हती.

बसवला. चालू केलं.

साठ... ऐंशी...

तेवढ्यात मागून आवाज आला.

खस्... खस्... खस्...

एकाच दिशेनं.

माझी मान वळेना. माझी स्पिरिटची बाटली समोर बूच लावून ठेवलेली होती, तरी खोलीभर स्पिरिटचा वास दाटला.

"मास्तर?"

आवाज थांबला.

मशीन बंद पडलं. मी कूलर उचलला. तळाला फिल्म होती. पिवळी, जुनी, एका कोपऱ्यात दुमडलेली. दंतवैद्याच्या मशीनमधून मालकांनी माझ्यासमोर सोलून काढली होती, अगदी तीच.

मी धावत रस्त्यावर आलो आणि मालक येईपर्यंत उन्हात उभा राहिलो.

त्यानंतर माझ्या हातचं एकही मशीन टिकेना. तेच मशीन मालकांनी उघडून बसवलं की बर्फासारखं थंड. मी बसवलं की तापणार. गिऱ्हाइकं परत यायला लागली. मालक आधी हसायचे, "अरे, तुझ्या हाताला काय चूल लागलीय?" मग हसायचे थांबले.

दुकानापुरतं असतं तर मी सहन केलं असतं. दुसरा धंदा शोधला असता.

पण एका रविवारी सकाळी मी मुलीला उचललं. तिला तिसरा महिना लागला होता. छान खेळत होती. दोन मिनिटांत ती किरकिर करायला लागली. अंग तापलं. बायकोनं थर्मामीटर लावला. एकशे दोन.

घाबरून तिला पाळण्यात ठेवलं. दहा मिनिटांत ताप गायब.

संध्याकाळी परत घेतलं... परत ताप.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. काही नाही. "लहान मुलांना होतं असं," म्हणाले. पण बायको काही दुधखुळी नव्हती. तिनं आठ दिवस नुसतं पाहिलं. नवव्या दिवशी मी हात पुढे केले, तर ती मुलीला छातीशी धरून मागे सरकली.

"तू नको घेऊस तिला."

"अगं, मी बाप आहे तिचा."

"म्हणूनच सांगतेय. तू तिला घेतलंस की तिच्या दंडावर काय उठतं, बघितलंयस कधी?"

तिनं झबल्याची बाही वर केली. एवढ्याशा दंडावर लालसर डाग होता. अंगठ्याएवढा. मधून तिरकी रेघ...

मी तिथेच खाली बसलो. लाज वाटली, राग आला, रडू आलं. माझ्यावर काढायचं ते माझ्यावर काढा की मास्तर! त्या लेकराचं काय चुकलं?

मग आठवलं. त्या लेकराचंच निमित्त करून मी खोटं बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी मालकांना सगळं सांगितलं.

"एकोणीस वर्षं माझ्याकडे होता तो माणूस," म्हणाले. "मला सांगून काय उपयोग? काकूंना जाऊन सांग. आणि उद्यापासून येऊ नकोस."

काकू म्हणजे मास्तरांची बायको. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मी गेलो तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मला ओळखलं त्यांनी. बस म्हणाल्या. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं ओकलो. फिल्म, फोन, खोटं. माझी मुलगी. हात जोडले.

"काकू, त्यांच्या वतीनं तुम्ही तरी माफ करा. हे मीच केलं होतं, हे आता सगळ्यांना सांगतो. म्हणाल तिथे लिहून देतो."

त्यांनी ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"मला माहीत आहे," म्हणाल्या. "ते सांगतात ना रोज."

मला वाटलं, बोलण्याच्या ओघात चुकलं असेल. सांगायचे, असं म्हणायचं असेल.

"चार महिने या खुर्चीत बसून होते. हातातलं काम गेलेला माणूस कसा वाळतो, ते तू नाही बघितलंस. मी बघितलं." त्यांचा आवाज जराही चढला नाही. "स्वभावानं फार मऊ रे ते. अजूनही मऊच आहेत. पोराला लेकरू झालंय, जाऊ दे आता, सोडतो त्याला, असं रोज म्हणतात."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"मीच म्हणते, सोडू नका."

आतल्या खोलीतून आवाज आला.

खस्... खस्...

मी जिना कसा उतरलो, मला आठवत नाही.

याला आता दहा महिने झाले. मी एका गोदामात माल मोजायचं काम करतो. कॉम्प्युटरला हात लावत नाही. काकूंकडे आणखी तीनदा जाऊन आलो. त्या दार उघडतात, पाणी देतात, आणि मान हलवतात. नाही.

मुलगी आता चालायला लागली आहे. मी दारात आलो की दोन्ही हात वर करून दुडुदुडु धावत येते.

मी हात पाठीमागे घेतो आणि भिंतीला टेकून उभा राहतो, बायको येऊन तिला उचलेपर्यंत.