फुलांच्या वरच्या पुंगळ्या

"बरणी तिरपी करू नकोस सोमेश, पुंगळ्या सांडतील," जेबा म्हणाली.

"मग पेटी तू घे, मी नुसती बरणी घेतो. अब्बांनी हिच्यात दगडं भरलेत का काय?"

"तेलाची बाटली, चिंध्या, एक कप आन् चादर. बाकी काही न्हाई."

"म्हणजे पेटी जड न्हाई, दंड हलका हाय," मंजुश्री म्हणाली. "आन् हाच रोज दुकानात पितळी हंडे उचलतो म्हणं."

उदगीरच्या बाहेरील माळावर असलेल्या नेमबाजी क्लबची पायवाट उतरत तिघे येत होते. दिवाळीच्या सुट्टीचा तो पहिलाच दिवस होता. मंजुश्री ही जेबाची शेजारीण, तर सोमेशच्या वडिलांचे चौकात भांड्यांचे दुकान होते. जेबाचे वडील ताहेरभाई यांनी त्या क्लबची शस्त्रे कित्येक वर्षे सांभाळली होती. परंतु दसरा झाल्यानंतर सराव चालू असता एक पुंगळी, म्हणजे काडतुसाचे पितळी आवरण, पिस्तुलातच फुटले आणि एका शिकाऊ तरुणाचा तळहात भाजला. ताहेरभाईंनी काडतुसे उन्हात ठेवली, म्हणून दारू बिघडली, असा ठपका क्लबचे सचिव आनंदराज यांनी ठेवला. ताहेरभाई कोणाशी भांडले नाहीत. नांदेडला एका गोदामावर पहारेकऱ्याचे काम धरून ते निघून गेले.

आज त्यांचे सामान देताना आनंदराज हसून म्हणाले होते, "ती पुंगळ्यांची बरणी पण ने ग. सोमेश, तुझ्या दुकानात मोडीत टाक. ती भोकांची फळी सरपणाला होईल."

फळी सरपणाला जाणार हे ऐकून जेबाने ती स्वतःच उचलून छातीशी धरली होती. त्या सागवानी फळीला तिच्या अब्बांनी स्वतः भोके पाडली होती. सराव संपला की प्रत्येक रिकामी पुंगळी त्या भोकात उभी राहायची आणि मोजणी झाली की बरणीत जायची. एकही भोक मोकळे राहिले, तर ताहेरभाई हरवलेली पुंगळी गवतात शोधत बसत आणि ती सापडल्याशिवाय घरी येत नसत. मग संध्याकाळी दारातूनच त्यांची हाक येई, "जेबा, गिनती पूरी!" त्यांच्या बोटांना तेलाचा आणि पितळेचा वास असे. आता फोनवर ते जेवणाचे विचारत, अभ्यासाचे विचारत. पण ते दोन शब्द त्यांच्या तोंडून आले नव्हते. नांदेडहून जळकोटमार्गे येणारी बस रोज संध्याकाळी चौकात थांबे, आणि जेबा काहीतरी आणायचे निमित्त काढून तिथून चक्कर मारी.

घरी ओट्यावर बसून तिने फळी पुसली आणि सवयीने बरणीतल्या पुंगळ्या एकेक करून भोकात घालू लागली.

पहिली बसली. दुसरी अर्ध्यावर गेली आणि बुडाजवळ अडकली.

"फळी फुगली असंल," सोमेश म्हणाला.

"फळी फुगली तर पहिली कशी गेली?" मंजुश्रीने विचारले.

जेबाने अडकलेली पुंगळी उपसून काढली. तिच्या बुडाजवळ, एकाच बाजूला, सूज आल्यासारखा फुगवटा होता. तिघांनी बरणी चादरीवर हळूहळू रिती करण्यास प्रारंभ केला. अर्धी बरणी रिकामी झाली, तोच हाताला झेंडूच्या वाळक्या पाकळ्या लागल्या. त्यांच्यावर हळदकुंकू होते.

"ही खंडेनवमीची पूजा," मंजुश्री म्हणाली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शस्त्रांची आणि अवजारांची पूजा करण्याची गावाची रीत होती. क्लबमध्येही पिस्तुलांपासून बरणीपर्यंत सर्वांना फुले वाहिली जात.

"तेव्हा अब्बा उमरीला होते. त्यांची बहीण, माझी फुफी, आजारी होती ना," जेबा म्हणाली. "ते परत आले त्याच दिवशी ती पुंगळी फुटली."

फुलांच्या खालची, म्हणजे पूजेच्या आधीची, एकेक पुंगळी तिने फळीत घातली. सगळ्या सरळ बसल्या. फुलांच्या वरच्यांपैकी काही बसल्या, काही अडकल्या.

"म्हणजे दसऱ्यानंतर काडतुसंच खराब झाली. आनंदराजदादा खरंच बोलून राहिले," सोमेश हळू आवाजात म्हणाला.

जेबाचे डोळे भरून आले. तिने पुंगळी परत उजेडात धरली. अब्बांनीच तिला शिकवले होते की पुंगळीच्या बुडावर पिस्तूल आपली खूण ठेवते. क्लबमध्ये दोन पिस्तुले होती. एकाच्या आपटणाऱ्या पिनेचा खळगा बरोबर मध्यभागी पडे, दुसऱ्याचा जरासा बाजूला.

"सोमेश, अडकलेल्या सगळ्या इकडं दे." तिचा आवाज बदलला होता. "बघ. सगळ्यांचा खळगा बाजूला हाय. आन् फुलांच्या वरच्या ज्या सरळ बसल्या, त्यांचा मध्यभागी. काडतुसं एकाच कपाटातली, एकाच उन्हातली. मग दारू बिघडली तर एकाच पिस्तुलाला कशी काय बिघडली?"

मंजुश्रीने आणखी बारकाईने पाहिले. "हा काठावरचा ओरखडा कशाचा?"

"पुंगळी बाहेर ओढणारा आकडा असतो, त्याचा."

"मग फुगवटा प्रत्येकीला ओरखड्यापासून तेवढ्याच अंतरावर हाय. म्हणजे पिस्तुलात त्या एकाच ठिकाणी पितळेला आधार न्हाई."

जेबाने मान डोलावली. नळीच्या मागच्या तोंडाशी खालच्या बाजूला एक उतार असतो. त्यावरून काडतूस चढून आपल्या जागी, म्हणजे चेंबरमध्ये, जाते. तो उतार जास्त खोल झाला, तर पुंगळीचे बूड तिथे उघडे पडते, आणि दाब आला की मऊ पितळ तिकडेच फुगते. फारच फुगले, तर फुटते.

"पण उतार आपोआप खोल कसा होईल?" मंजुश्री म्हणाली.

सोमेशने कपाळावर हात मारून घेतला. "माय ग! खंडेनवमीच्या सकाळी आनंदराजदादा आमच्या पॉलिशच्या चाकावर काहीतरी घासून राहिले होते. फडक्यात गुंडाळलेलं. चाकावर काम करणाऱ्या रामलिंगमामांना पण बाजूला सारलं. मला वाटलं देवाची घंटी असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघेही क्लबच्या अध्यक्षांपुढे उभे राहिले. शेषेराव हे सैन्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. बाजूला आनंदराज चहा पीत बसले होते.

"फळी घेऊन परत आला का? सरपण वल्लं निघालं वाटतं," ते हसले.

सोमेशने अगदी भोळा चेहरा केला. "न्हाई दादा. आमच्या दुकानात दिवाळीची भांडी आलेत. खंडेनवमीला तुमची नळी लई चमकत होती म्हणं. तसं पॉलिश कुणी केलं, ते विचारायला आलो."

"मीच केलं," आनंदराज खुर्चीत सरळ झाले. "रामलिंगला हात लावू दिला न्हाई. चाकावर धरली आन् मागच्या तोंडापासून आरशासारखी केली."

"दोन्ही पिस्तुलांची?" मंजुश्रीने विचारले.

"वेळ कुठं होता? पूजा सुरू होणार होती. एकाचीच केली."

जेबाने फळी मेजावर ठेवली. फुलांच्या खालच्या पुंगळ्या एका बाजूस आणि वरच्या दुसऱ्या बाजूस मांडल्या. एकेक खूण दाखवत तिने सगळे सांगितले. शेषेरावांनी मध्येच थांबवले नाही. ते उठले, कपाट उघडले आणि मुलांना लांब उभे राहायला सांगितले. दोन्ही पिस्तुलांच्या नळ्या काढून त्यांनी प्रत्येकीत सरावाचे, दारू नसलेले काडतूस घातले आणि खालच्या बाजूने बघितले. एकीत बुडाची बारीकशी कड तेवढी दिसत होती. दुसरीत पितळ चंद्रकोरीसारखे उघडे पडले होते.

शेषेरावांनी ती नळी आनंदराजांपुढे ठेवली.

"काका, मला वाटलं, चकाकली म्हणजे साफ झाली," आनंदराज पुटपुटले.

"त्या पोराचा हात भाजला, आनंदराज. आन् तू बोट दुसऱ्याकडं दाखवलंस. ताहेर नव्हता त्या दिवसांत पुंगळ्या फळीत लावल्या असत्या, तर पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं." मग ते मुलांकडे वळले. "आन् मी तरी काय केलं? चौकशी न करता चांगल्या माणसाला जाऊ दिलं. तुम्ही सुट्टीत बसून केलं, ते आम्हा मोठ्यांचं काम होतं. शाबास, पोरांनो."

आनंदराजांनी मान खाली घालूनच जेबाला म्हटले, "नंबर लाव बेटा. मीच बोलतो ताहेरभाईंशी." आणि ते सर्वांदेखत आपली चूक सांगून बोलले; शेषेरावांनीही फोन घेऊन ताहेरभाईंना परत बोलावले.

त्या संध्याकाळी चौकात जाण्यासाठी जेबाला निमित्त शोधावे लागले नाही. सोमेश आणि मंजुश्री सोबत होते. बस आली. माणसे उतरली, पिशव्या उतरल्या, आणि दार रिकामे झाले. जेबाने ओढणीचे टोक मुठीत घट्ट धरले.

"पुढच्या बसनं येतील," सोमेश म्हणाला.

"तू गप बस," मंजुश्री म्हणाली.

एवढ्यात बसच्या मागच्या बाजूने, टपावरची वळकटी उतरवून घेऊन ताहेरभाई आले. ते पूर्वीपेक्षा वाळलेले दिसत होते. लेकीला पाहून ते जागीच थांबले. जेबाने ती सागवानी फळी पुढे केली. सगळी भोके भरलेली होती.

ताहेरभाईंनी एकेका पुंगळीवरून बोट फिरवले, अगदी शेवटच्या भोकापर्यंत. मग फळी काखेत धरली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"जेबा," ते म्हणाले, "गिनती पूरी."