दार तपासायचं राहिलंय

मारुती मंदिराजवळच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, सावनी आपल्याच क्लिनिकमध्ये अडकली. जुलैच्या ओलीने दार फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं. ती आतून मूठ ओढत होती आणि कानाला लावलेल्या फोनवर आईशी वादही घालत होती… मुलगा बघायला येतोय तर येऊ दे, चहा मात्र तूच कर.

"ओढू नका," बाहेरून आवाज आला. "मूठ धरून वर उचला, मग ओढा."

तिनं उचललं आणि दार मुकाट उघडलं. समोर तिशीचा एक जण, कानामागे पेन्सिल. शेजारच्या ऑफिसात कपाटाचं माप घ्यायला आलेला उन्मेष सुतार.

"बिचाऱ्याला चहा तरी तुमच्या हातचा मिळू दे," तो गंभीरपणे म्हणाला.

सावनी आधी लाजली, मग दचकली. ती मानसतज्ज्ञ. जे घरच्यांनाही सांगितलेलं नसतं ते सांगायला मोठी माणसं या खोलीत येत, आणि बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू जात होतं! नव्या दाराचं काम तिनं तिथल्या तिथे त्याला दिलं.

काम आठ दिवस चाललं, दुपारी, कुणी यायचं नसताना. रोज शेवटी चाचणी. सावनी आत बसून काहीतरी बोलायची, उन्मेष बाहेरून ऐकायचा आणि ऐकू आलेलं येऊन सांगायचा. पहिल्या दिवशी तिनं मासळीची यादी म्हटली. सगळी ऐकू आली, तो म्हणाला, पण कोलंबीपाशी तुमचा आवाज जरा हळवा होतो. पाचव्या दिवशी त्याला अर्धंच ऐकू आलं. तोवर दुपारी केस विंचरायला सावनीला जरा जास्तच वेळ लागू लागला होता.

तुम्ही नक्की करता काय, असं त्यानं एकदा चहा पिताना विचारलं. तिनं सांगितलं, की कुणाची छाती धडधडते, त्याला आधी श्वास शिकवते. कुणाला मनातले विचार वहीत लिहून तपासायला लावते. कुणाचं बालपणापासूनचं ऐकते, तर कुणापुढे रिकामी खुर्ची ठेवून गेलेल्या माणसाशी बोलायला सांगते. पुस्तकांत या पद्धती वेगवेगळ्या असतात, ती माणूस बघून त्या एकत्र जोडते.

"म्हणजे माप घेऊन," उन्मेष म्हणाला. "तयार दार आणून ठोकत नाही."

सावनी त्याच्याकडे बघतच राहिली. हे आईला समजावण्यात तिची चार वर्षं गेली होती, तरी आई अजून तिला गोळ्यांची नावं विचारायची.

आठव्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. दाराला शेवटची रबरी पट्टी लावली, आणि कधी नव्हे तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

"मॅडम, मला तुमची अपॉइंटमेंट हवीय. माझ्यासाठी."

वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचा दाभोळचा सुतारकामाचा कारखाना तेव्हापासून बंद. आई बोलावते, हा खाडीच्या अलीकडे, धोपाव्याच्या जेटीपर्यंत जातो, समोर फेरीबोट लागते… आणि हा गाडी मागे वळवतो. घरी गेलो तर बाबा नाहीत हे खरं होईल, तो म्हणाला.

सावनीनं डायरी उघडली. बुधवारी चारची वेळ मोकळी होती. नाव लिहिलं, की तो तिचा क्लायंट झाला, मग त्यापुढे दुसरं काही नाही, आज नाही आणि कधीच नाही. नाही म्हणावं, तर कारण सांगावं लागणार. पेन कागदावर टेकलं नि तिथंच थांबलं. मग तिनं चिठ्ठीवर एक नाव लिहिलं.

"राजश्रीताई, चिपळूणला असतात. माझ्यासारखंच काम करतात, माझ्याहून चांगलं. नक्की जा."

"तुम्ही का नाही?"

"जवळच्या माणसाला आम्ही घेत नाही."

"मी…?" तो अडखळला.

सावनीनं डायरी मिटली. "दार तपासायचं राहिलंय. बाहेर जा बघू."

तो गेला. नवं दार हलकेच मिटलं. सावनी खुर्चीत ताठ बसली आणि आठ दिवसांचं सगळं भडाभडा बोलून मोकळी झाली. दुपारी दोनची वाट बघणं, कानामागची पेन्सिल, आईला आज सकाळीच त्या मुलाला नकार कळव म्हणून सांगितलं ते, सगळं. मग उठून दार उघडलं.

"काय ऐकलंत?"

"एक अक्षरही नाही," उन्मेष अभिमानानं म्हणाला. मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "काही… महत्त्वाचं होतं?"

सावनीला हसू आवरेना. जिना रिकामा होता. तिनं दार सताड उघडं ठेवलं.

"तुम्ही मला आवडता. म्हणून."

त्यानं कानामागची पेन्सिल काढून उगाच खिशात ठेवली. "आठ दिवसांचं काम नव्हतं हे," तो हळूच म्हणाला. "तीनच दिवसांचं होतं."

चिपळूणला तो नेमानं जात राहिला. तिथं काय बोलतो ते सावनीनं कधी विचारलं नाही. दिवाळीच्या आधी एका सकाळी दोघं फेरीबोटीत चढले. पलीकडचा किनारा जवळ येईस्तोवर त्यानं तिचा हात सोडला नाही.

दाभोळला त्याची आई कारखान्याची किल्ली घेऊन अंगणात उभीच होती. कुलूप निघालं, पण दोन पावसाळे बंद राहिलेलं दार फुगलं होतं. उन्मेष ओढत राहिला. त्याचे डोळे भरून आले, दार काही हलेना.

"ओढू नकोस," सावनी त्याच्या कानाशी म्हणाली. "वर उचल."

त्यानं उचललं, आणि दार उघडलं.