चाचणीपुरता क्लायंट

हानेकेनं दार उघडलं तेव्हा बोळातल्या बाकावर एक उंच, चिंब भिजलेला माणूस बसला होता. सकाळच्या पहिल्या क्लायंटचं नाव तिला काही केल्या आठवेना. तिनं सवयीनं त्याला आत घेतलं, कॉफी दिली, बशीत एक बिस्किट ठेवलं आणि पाहुण्याला एकच द्यायच्या तिथल्या रीतीप्रमाणे डबा बंद केला.

"बोला. काय अडलंय?"

"माझं?" तो गडबडला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मी लोकांच्या कामाची घडी बसवून देतो. घडी बसली की तिथली माझी गरज संपते. मग पुढचं गाव. हल्ली ते... जरा खुपतं."

नोकरीत पिचलेल्या माणसांशी बोलून त्यांना वाट शोधून देणं हा हानेकेचा व्यवसाय. डेव्हेंटर या डच शहरात नदीजवळ तळमजल्यावर पुढच्या खोलीत ती कोच होती आणि मागच्या खोल्यांत राहत होती. ऐकायची कला तिला चांगली अवगत होती. अर्धा तास ती ऐकत राहिली, आणि मग खरी क्लायंट दार वाजवत, वैतागून आत आली.

तो उठला. "मी वेसल. वरच्या हिशेबनिसांकडे आलो होतो, त्यांची कॉम्प्युटरवरची कामं लावून द्यायला."

"मग आधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत म्हणून. बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं." स्वयंपाकघराच्या कपाटांवर, क्लायंटच्या वेळा लिहून डकवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्यांकडे त्याची नजर गेली. "आणि खरं सांगू? त्यांच्यापेक्षा तुम्हालाच माझी जास्त गरज आहे."

अशा रीतीनं वेसल तिच्याकडे कामाला लागला. क्लायंटनं स्वतः वेळ निवडायची, आदल्या दिवशी आठवण जायची, भेटीनंतर ठरलेलं लेखी जायचं, अशी साखळी तो एकेक कडी जोडत लावत गेला. सगळ्या भेटी संपल्यावर काही आठवड्यांनी एक मेल आपोआप जाणार होती : 'कसं चाललंय? ठरवलेलं पाऊल टाकलंत का?' भेटायचंय असं उत्तर आलं, तर वेळही आपोआप लागणार होती.

"आधी खोट्या क्लायंटवर चालवून बघू," तो म्हणाला. "नाव काय देऊ?"

"तुमचंच द्या की. तुमचा प्रश्न सुटायचा राहिलाच आहे."

त्यानं मान खाली घालून नाव टाकलं. त्याचे कान लाल झालेले तिला दिसले.

एकदा तो हात धुऊन आला तो हसतच. "तुमच्या संडासात अर्धं गाव टांगलंय."

"वाढदिवसांचं कॅलेंडर आणखी कुठं टांगतात? तुमच्या आईच्या घरी नाही?"

"आहे ना. पण तुमची काही नावं पेन्सिलीनं, काही पेननं... असं का?"

"क्लायंट पेन्सिलीनं. काम झालं की जातात, मग खोडते. घरचे पेननं."

"हेही लावून देऊ? शुभेच्छा आपोआप जातील."

"त्याला हात लावायचा नाही."

"बरं, बरं!" त्यानं दोन्ही हात वर केले. "आणि तिथं नाव लागायला काय करावं लागतं?"

"आपण मागायचं नसतं. घरच्यांनी विचारावं लागतं."

हानेकेनं धुतलेले कप पुन्हा धुवायला घेतले.

ती त्याच्या प्रेमात पडली होती. हे तिला कळत होतं आणि त्याचा रागही येत होता. मनातलं बोलून टाका, असं दिवसभर लोकांना सांगणारी ही बाई काम लांबवायला खुसपटं काढू लागली. मेलमधला निळा रंग फिका वाटतो म्हणाली, मग गडद वाटतो म्हणाली. वेसलही न कुरकुरता रंग बदलत राहिला. पण रंग तरी किती बदलणार? एके दिवशी तो म्हणाला, "झालं." पुढचं काम ग्रोनिंगनला होतं.

त्या दिवशी तिनं बिस्किटांचा डबा टेबलावर उघडाच ठेवला. त्यानं डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं... आणि सवयीनं एकच बिस्किट घेतलं. बाहेर भुरभुर चालू होती. तो सायकलवरून वळेपर्यंत ती दारात उभी होती.

त्याची साखळी बिनचूक चालली. चिठ्ठ्या गेल्या, कपाटं कोरी झाली. हानेकेला आयुष्यात पहिल्यांदा मोकळा वेळ मिळाला आणि त्या वेळाचं काय करायचं ते काही सुचेना. तिला त्याची फार आठवण येत होती.

मग एका गुरुवारी सकाळची पहिली वेळ लागलेली दिसली : 'वेसल – चाचणी'. यंत्रच भरकटलं म्हणायचं! ती नाव पुसायला गेली, तेवढ्यात घंटी वाजली.

तो भिजलेलाच होता.

"तुमच्या यंत्रात चूक राहिलीय," ती म्हणाली. "खोटा क्लायंट काढायचा राहिला."

"राहिला नाही. काढवला नाही." त्यानं टोपी काढली. "परवा मेल आली, ठरवलेलं पाऊल टाकलंत का म्हणून. मीच लावलेली मेल, कुणी पाठवलेली नाही, हे मला ठाऊक आहे. तरी रात्रभर उत्तर सुचलं नाही."

"मग काय लिहिलंत?"

"भेटून सांगतो."

"सांगा."

"पुढच्या गावाला नाही म्हटलं मी. मला इथं यायचंय... काही काम नसताना."

प्रश्न विचारून पोट भरणाऱ्या हानेकेला एक साधा प्रश्न विचारता येईना. वेसलनं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आता हा वळेल आणि जाईल, असं तिला वाटलं.

"वाढदिवस कधी असतो तुझा?"

तो हसला, अगदी डोळ्यांपर्यंत. "नऊ नोव्हेंबर." मग खिसा चाचपत म्हणाला, "थांब... पेन्सिल आहे माझ्याकडे."

"ठेव ती खिशातच," हानेके म्हणाली आणि पेन शोधायला आत गेली.