मुक्या सोमवारचा वाढपी

मी त्याला वांगं फेकून मारलं, तिथून सगळं सुरू झालं.

शहाद्याला कापसाच्या बाजाराला लागून माझ्या मामांची, चुनीलालशेठची, खानावळ होती; मी त्यांच्याकडेच वाढले. सन चौतीसचा श्रावण. नवा पाणक्या भरली घागर घेऊन मागच्या दारानं आला नि मी नुकत्याच सारवलेल्या ओट्यावर चिखलाचे पाय देत सुटला. मी तीनदा ओरडले. तो ढिम्म. मग हातातलं वांगं सुटलं.

तो वळला, वांगं उचललं आणि हसला. "मन्हं भरीत करनं शे का?"

"बहिरा शे का तू?"

त्यानं कानावर हात ठेवला. "माले ऐकू येस नही. बारा वरीसना व्हतू, ताप वना, कान गयात. पदर बाजूले करा ना... ओठ दिसनात का माले समजस."

धुरामुळे तोंडावर घेतलेला पदर मी खाली केला. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं कुणी इतकं टक लावून पाहत होतं. लाज वाटली. रागही आला. खोटं कशाला सांगू, आवडलंही.

नाव भटू, ब्राह्मणपुरी गावचा, आमच्याच समाजातला. त्याला वाढपी व्हायचं होतं. तीन खानावळींनी हाकलून दिलं होतं. बहिऱ्याला बोलवायला गिऱ्हाइकानं काय शिंग फुंकायचं? मामांनीही पाणी भरायला ठेवला, पंगतीत नाही.

"पोट भरेल मानूसनं तोंड देखाले माले भारी आवडस," तो एकदा म्हणाला.

"आनि उपाशी मानूसनं?"

"तेबी देखस. रोज... घागरना पानीमा."

मी आत पळाले. डाळ करपली.

आमच्याकडे श्रावणी सोमवार सोडताना लोक मुक्यानं जेवत. तोंडातून शब्द निघाला की पानावरून उठायचं, मग पोट रिकामं असो. आमचे वाढपी हाकेवर चालणारे, पानाकडे बघायची त्यांना सवयच नाही. त्या सोमवारी सुकलाल दलाल मिठासाठी केव्हाची चिमूट दाखवत होते. शेवटी वैतागून "अरे, मीठ" म्हणून गेले — आणि उपाशी उठले. पुढचा सोमवार दुसरीकडे सोडतो, असं बजावून गेले.

मी मामांना गाठलं. "पुढला सोमवार भटूले वाढू द्या."

"बहिरा वाढपी? लोके हसतीन."

"जेवनारा मुका, वाढनारा बहिरा. कोन कोनले हसी?"

मामा कबूल झाले, एका सोमवारापुरते. सुकलालांनाही हातापाया पडून आणलं.

बाहेर भुरभुर, आत पंचवीस पानं, आणि एकटा भटू. कुणाची नजर चटणीकडे गेली की चटणी हजर, पानावर हात आडवा आला की पळी मागे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओठांनीच "भात", "वरण" सांगत होते. पंगतीत सगळी मामांच्या ओळखीची माणसं, तरी मी तोंड झाकलं नाही. सुकलालांनी दोनदा वरण घेतलं. एकही माणूस अर्ध्या पानावरून उठला नाही.

पंगत गेल्यावर मामा म्हणाले, "झकास वाढं. सोमवारले वाढत जाय. बाकी दिन पानीच."

भटूनं पळी खाली ठेवली. "नही, शेठ. वाढपी ठेवनं व्हई तं रोज ठेवा. नही तं मी चालनू."

मामांच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नव्हते, पण तो दारापर्यंत पोचला होता.

"हाऊ गया तं मीबी जासू," मी म्हणाले.

मामांनी तुपाचं भांडं उचललं. तूप ते स्वतः वाढत, सख्ख्या भावाच्याही हाती देत नसत. ते त्यांनी जाऊन भटूच्या हातात दिलं, पाठ फिरवली आणि भिंतीकडे बघत काहीतरी पुटपुटले.

पाठमोऱ्या माणसाचं भटूला काय कळणार? त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हननात?"

"तुन्हा बापले बोलाव म्हनतस."

"कसाले?"

"आपलं... लगीन ठरावाले."

"समजनं नही. आखो एकदाव सांग."

मी सांगितलं.

"आखो."

पहिल्या खेपेलाच सगळं समजलं होतं मेल्याला. तरी मी सांगितलं.