तिसरी हाक

भामरागडच्या पुढं आमचं गाव. पाऊस लागला का रस्ता तुटते, अन् आलेला माणूस इथीच अडकते. तशी मोनाली अडकली. बल्लारपूरची पोरगी, टॅबलेटात लेकराईच्या अभ्यासाचे खेळ बनवाले आली होती. मी शाळेत गेलो नातीले, करिश्माले, छत्री द्याले. मोनालीनं मलेच धरलं.

"झिंगूभाऊ, तुमचा आवाज पाह्यजे. टॅबलेट लेकराले नावानं हाक मारंल. लेकरानं ओ दिली का धडा उघडंल."

"त्याले हे सांगते कोन?"

"मी. पायथनमधी प्रोग्राम लिहून राह्यली."

"पायथन म्हंजे?"

ती हसली. "अजगर."

"लेकराईचं काम अन् अजगराले सांगते. चांगली शिकली."

साऱ्या लेकराईची नावं मी बोललो. मंग तिनं टॅबलेट करिश्मापुढं धरला. तो माझ्याच आवाजात एकदा बोलला, "करिश्मा..." अन् पोरगी चटकन म्हणली, "ओ."

मले ते आवडलं नाई. आमच्यात एका हाकेले कोणी ओ देत नाई. जंगलातलं जे हाक मारते, ते एकदाच मारते. तीनदा मारते तो माणूस. लेकरू चालाले लागलं का हे शिकवतो आमी. यंत्रापुढं पोरगी विसरली.

"तीनदा मारू दे त्याले," मी म्हणलो.

"काऊन भाऊ?"

"तुले काय करायचं? सांग त्या अजगराले."

तिनं बसल्या बसल्या बदललं.

मंग टॅबलेट लेकराईच्या घरी गेले, अन् घराघरातून माझाच आवाज. ओल्या लाकडाचा धूर, नाल्याची घरघर, अन् मधी मी, तीनदा, तीनदा. आपलाच आवाज ऐकून माणूस थकते. लाईन गेली, टॅबलेट बंद पडले, मोनालीनं ते शाळेच्या पेटीत कुलुपात ठेवले, तवा मले बरंच वाटलं.

त्याच दिवशी, दिवस बुडताना, मी चुलीपाशी होतो. करिश्मा दारात पाठमोरी बसून मोहाच्या टोऱ्या, बिया, फोडत होती. नाल्याच्या पल्याडून हाक आली. माझ्या आवाजात.

"करिश्मा..."

तिनं मान वर केली नाई. मी बोलाले गेलो. गळ्यातून काईच निघेना. ओल्या केसाचा वास घरात भरला.

"करिश्मा..."

उठाले गेलो. भिंत धरून दाराकडं सरकलो.

"करिश्मा..."

"ओ, आजा," ती म्हणली. नाल्याकडं तोंड करून.

तिले काई झालं नाई. ताप नाई, काई नाई. रस्ता सुरू झाला, मोनाली गेली. जाताना म्हणली, "भाऊ, पेटीचं कुलूप तर तसंच होतं..."

आता मी पोरीले हाक मारतो. ती माझ्याकडं पाह्यते, तोंड उघडते, ओठ हालते. आवाज निघत नाई. तिची ओ येते नाल्याच्या पल्याडून.

अन् रोज जराशी लांबून.