टाचणीने साफ केलेला शॉट

वीज गेली तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. एडिटिंगच्या खोलीतली चार पोरं अंधारात चाचपडत बसली. त्यातल्या एकाने ध्वनीवाल्या काकांना छेडलं, की एक्सपोर्ट कितीही वेळा करा, दरवेळी फाइलला नवा आकडा द्या, जुन्या फाइलवर लिहू नका, हा तुमचा हट्ट कशापायी? डिस्क काय तुमच्या तीर्थरूपांची आहे का? पोरं हसली. काका हसले नाहीत. त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवली आणि म्हणाले, की हे टाचणीमुळे आहे, आणि टाचणीबरोबर मी अठरा वर्षं डबा खाल्लाय, तेव्हा ऐकीव म्हणून सोडून देऊ नका.

टाचणी म्हणजे या इमारतीतला प्लगिनवाला. चित्रावर चित्र बसवायचं जे सॉफ्टवेअर तुम्ही चालवता, त्यातून तयार व्हिडिओ बाहेर काढणारा, म्हणजे एक्सपोर्ट करणारा, जोडतुकडा तो लिहायचा; तेच प्लगिन. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, की ते त्या आवृत्तीसाठी कोडपासून पुन्हा बनवावं, म्हणजे कंपाइल करावं लागतं. नवव्या आवृत्तीचं दहाव्या आवृत्तीत चालत नाही, कुलूप बदलल्यावर किल्ली चालत नाही तसं. दुसऱ्याच्या कामात टाचणीएवढी चूक असली तरी त्याला ती टोचायची, म्हणून हे नाव. लोक वैतागायचे. पण त्याच्या हातून निघालेलं काम परत कधी आलं नाही, हेही खरं.

त्याचा धाकटा भाऊ इथेच कंपोझिटर, म्हणजे चित्रावर चित्र बसवणारा, होता. सप्टेंबरात घरी जाताना रस्त्यावर अपघातात गेला. जागच्या जागी. मागे बायको आणि पाच वर्षांची मुलगी, ठमी.

ठमीच्या वाढदिवसासाठी धाकट्याने लपूनछपून एक शॉट करून ठेवला होता. दहा सेकंदांचा, दोनशे चाळीस फ्रेमचा. हिरव्या पडद्यापुढे लेकीला खांद्यावर घेऊन चालला होता आणि मागे रात्रीची गच्च्यांची रांग बसवली होती. बाप लेकीला खांद्यावर घेऊन गच्चीवरून गच्चीवर चाललाय, एवढंच. पण तो शॉट व्हिडिओ होऊन बाहेर आलाच नव्हता. तो उघडायचा फक्त नवव्या आवृत्तीत. ती आवृत्ती उरली होती एका जुन्या मशीनवर, आणि तिचं लायसन्स तीस नोव्हेंबरला, शनिवारी, रात्री बाराला संपत होतं. नव्यात उघडलं की माणसांच्या जागी लाल फुल्या यायच्या. नवव्याचं कंपाइल केलेलं प्लगिन तर केव्हाच पुसलं गेलं होतं.

म्हणून टाचणी त्या शनिवारी आठ वाजता तिसऱ्या मजल्यावर आला. हातात थर्मास, दुसऱ्या हातात जुन्या कोडची डिस्क. कंपाइल करायचं, शॉट बाहेर काढायचा, सकाळी भावजयीकडे नेऊन द्यायचा. सरळ काम.

जुन्या कोडने दोन तास नाकी नऊ आणले. पण दहा वाजता प्लगिन उभं राहिलं, आणि दहा वीसला व्हिडिओ बाहेर आला. टाचणीने तो लावला. धाकटा चालत होता. ठमीने त्याचे केस घट्ट धरले होते. तो हसला, तेव्हा त्याच्या डाव्या गालावरची खळी दिसली. टाचणीचे डोळे भरून आले. त्याने लगेच भावजयीला फोन करून सांगितलं, की झालं.

मग दुसऱ्यांदा पाहिला. आणि त्याला टोचलं.

शेवटच्या ऐंशी फ्रेममध्ये, मागच्या गच्चीवर, कोणीतरी उभं होतं. अंधुक. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर ते नव्हतं. फक्त बाहेर काढलेल्या व्हिडिओत होतं.

टाचणीला कारण लगेच कळलं. आपल्या धंद्यात हे होतं. फ्रेम जिथे मांडायची ती मेमरी आधी पुसायला विसरलं, तर आधीच्या कशाचा तरी उरलेला अंश नव्या चित्रात झिरपतो. कोडमध्ये ती पुसायची एक ओळ राहिली होती. त्याची स्वतःचीच चूक. त्याने फ्रेम मोठी करून पाहिली. मागचा माणूसही धाकटाच होता. कधीतरीचा दुसरा टेक असेल, त्याने स्वतःला समजावलं. फक्त अंगात निळा चौकड्यांचा शर्ट होता... रुग्णालयाने पिशवीत घालून परत दिलेला, तो.

त्याने पुन्हा फोन लावला. म्हणाला, एक डाग राहिलाय, तेवढा काढतो, अर्धा तास लागेल.

भावजय म्हणाली, "डाग असू दे दादा. तसंच द्या."

"अगं, डागाळलेलं देऊ का मी तुला? ठमी जन्मभर बघणार ते."

"ती डाग नाही बघणार. बापाला बघेल."

त्याने फोन ठेवला. ओळ घातली. कंपाइल केलं. एक्सपोर्ट केलं. त्याच नावाने, जुन्या फाइलवर. खराब फाइल ठेवायची कशाला, ही त्याची रीत.

अकरा वाजून पाच. मागची गच्ची रिकामी होती. डाग गेला होता.

पण पुढचा धाकटा आता चालत नव्हता. मध्येच थांबला होता. मान वळवून त्या रिकाम्या गच्चीकडे बघत होता. गालावर खळी नव्हती.

टाचणीने सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं. तिथे तो चालत होता, हसत होता. म्हणजे चूक प्लगिनचीच. पुसायची ओळ चुकीच्या जागी पडली असणार. त्याने ती दोन ओळी वर नेली. कंपाइल. एक्सपोर्ट. तेच नाव.

अकरा एकेचाळीस.

या खेपेला धाकटा नव्हता.

ठमी होती. गच्च्यांच्या वर, हवेत. खाली खांदे नाहीत. पाय मोकळे लोंबत होते आणि ती हलके हलके पुढे जात होती, कोणीतरी चालत असल्यासारखी. दोन्ही मुठी वळलेल्या... मुठींत काही नाही.

ती खाली बघून हसत होती.

टाचणीने सॉफ्टवेअरचा पडदा पाहिला. आता तिथेही तेच.

तेव्हा त्याला कळलं. डाग नव्हता तो. आला होता बिचारा. लेकीला बघायला. आणि आपण...

त्याने ती ओळ खोडली. खुर्चीतून उठून, उभ्या उभ्याच. कंपाइल लावलं. मोबाइल तिथेच टेबलावर पडला होता. पहिला व्हिडिओ चालू असताना पडद्याचा साधा फोटो काढला असता तरी... पण तेव्हा ते सुचलं नाही. अकरा छप्पनला प्लगिन तयार झालं. अकरा सत्तावन्नला एक्सपोर्ट सुरू. तेच नाव. सवय. बोटांनी आपोआप लिहिलं.

फ्रेम तीस. रिकामी गच्ची. फ्रेम नव्वद. फ्रेम एकशे साठ... मागे काहीतरी अंधुक दिसू लागलं. टाचणी पडद्याला नाक लावून बसला. म्हणत होता, ये. ये रे. पुसत नाही मी.

फ्रेम एकशे अठ्ठ्याण्णव.

बारा.

सॉफ्टवेअर बंद झालं. लायसन्स संपलं. अर्धवट फाइल उघडेना. जुनी तर तिनेच खाल्ली होती. शॉटमधली ठमीसुद्धा उरली नाही.

सकाळी तो भावजयीच्या दारात उभा राहिला. तिने चहा टाकला. त्याने सांगितलं, की बिघडलं सगळं.

"रात्री तर झालं म्हणालात," ती म्हणाली. तेवढंच. पुढे कधी तिने विषय काढला नाही. त्याच्याकडे येणंही हळूहळू सोडलं. ठमी आत खेळत होती. तिला काही सांगितलंच नव्हतं, म्हणून तिने काही मागितलं नाही.

काका थांबले. मग एक पोरगा हळूच म्हणाला, की काका, मेमरी पुसायची राहिली की असं होतंच. मशीनचा दोष.

काका म्हणाले, असेल. टाचणीही स्वतःला तेच सांगतो.

पण सोमवारी ते मशीन भंगारात न्यायच्या आधी त्याने प्लगिनचं फोल्डर उघडलं. त्याने त्या रात्री चारदा कंपाइल केलं होतं. कंपाइलच्या नोंदी पाच होत्या. पाचवी रविवारी पहाटे चार वीसची. तेव्हा इमारतीला कुलूप होतं, मशीन बंद होतं. चौकीदाराला विचारलं, वीजवाल्याला विचारलं. शेवटी त्या पाचव्या कंपाइलची फाइल त्याने नव्या, दहाव्या आवृत्तीत टाकली. सॉफ्टवेअरने शांतपणे सांगितलं, की हे प्लगिन या आवृत्तीसाठी नाही, अठ्ठावन्नाव्या आवृत्तीसाठी कंपाइल केलेलं आहे.

वर्षाला एक आवृत्ती निघते. आत्ता सोळावी चालू आहे. अठ्ठावन्नावी यायला अजून बेचाळीस वर्षं आहेत. टाचणी सत्तावन्न वर्षांचा आहे. दर डिसेंबरात नवी आवृत्ती आली, की तो ती फाइल टाकून बघतो... आणि दरवेळी तेच उत्तर.